झोपेत श्वास कमी का पडतो?

सीओपीडीचा रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो दिवसा. तिथे बोटाला ऑक्सिमीटर लावतात, नळीत जोरात फुंकायला सांगून फुप्फुसांची ताकद मोजतात, इन्हेलर नीट ओढता येतो का ते पाहतात. हे सगळं मोजमाप जाग्या, खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाचं. पण हाच माणूस रोज सात-आठ तास आडवा असतो आणि त्याच्या श्वासाला सर्वांत जड जातात ते हेच तास. घरच्यांना ते दिसत असतं: रात्री दोन-तीनदा उठून बसणं, उशाला आणखी एक उशी, पहाटेची ढास, सकाळी ठणकणारं डोकं. ‘वय झालं, झोप कमी होणारच’ म्हणून ते सोडून दिलं जातं. ते सोडून देऊ नये. रात्री नेमकं काय होतं हे कळलं, तर त्यातलं बरंच काही सुधारता येतं.

सीओपीडीत श्वासनलिका सुजून अरुंद होतात, त्यांत कफ साठतो आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजून जातात. विडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण खरं. पण आपल्याकडे विडीला कधी हात न लावलेल्या, चुलीपुढे फुंकणी घेऊन आयुष्य काढलेल्या बायकांनाही हा आजार होतो. या आजारात हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसं कायम फुगलेली राहतात आणि त्यांच्या खालचं श्वासपटल दाबलं जातं. निरोगी माणसात ते घुमटाकार असतं. श्वास घेताना खाली सरकतं आणि हवा आत ओढतं. ते आधीच सपाट झालेलं असलं, तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. मग बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू मदतीला येतात. धाप लागलेला माणूस गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर उचलून बसतो तो या स्नायूंना आधार मिळावा म्हणून.

झोप लागते तेव्हा

झोप लागली की श्वास कोणाचाही थोडा उथळ होतो. मेंदूकडून येणारा ‘श्वास घे’ हा हुकूम सौम्य होतो. आडवं झाल्यावर पोट श्वासपटलाला वर ढकलतं. खोकल्याची उबळ दबते, त्यामुळे कफ जागच्या जागी साठतो. निरोगी माणसाला यातलं काहीच जाणवत नाही.

खरी परीक्षा असते ती स्वप्नांच्या झोपेत. तिला रेम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते. रात्रीच्या सुरुवातीला थोडा वेळ टिकते, पहाटेकडे लांबत जाते. या झोपेत पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, पण बाकी शरीराचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात. बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायूही त्यात आले. चालू राहतं ते एकटं श्वासपटल. म्हणजे दिवसभर ज्या स्नायूंच्या आधारावर श्वास चालला होता तेच रजेवर जातात आणि सगळा भार पडतो तो सर्वांत अधू झालेल्या स्नायूवर. त्यात श्वासनलिका स्वाभाविकपणे सर्वांत अरुंद होतात त्या पहाटेच्या सुमारास. ‘चार वाजता जाग येते आणि छाती भरलेली असते’ असं कितीतरी रुग्ण सांगतात, त्यामागे हे सगळं असतं.

पठार आणि कडा

रात्री रक्तातला ऑक्सिजनचा दाब सगळ्यांचाच थोडा उतरतो. मग सीओपीडीवाल्यालाच धोका का? ऑक्सिमीटरवर दिसतो तो हिमोग्लोबिनने किती टक्के ऑक्सिजन धरला आहे त्याचा आकडा. दाब आणि हा आकडा यांचा आलेख सह्याद्रीसारखा आहे: वर लांबच लांब पठार, मग एकदम कडा. निरोगी माणूस पठाराच्या मध्यावर असतो. त्याचा दाब ९५ वरून ८५ वर आला तरी ऑक्सिमीटरचा आकडा जेमतेम एक-दोनने हलतो. फुप्फुसं झिजलेला माणूस दिवसाही कड्याच्या टोकाशी उभा असतो: दाब ६०, ऑक्सिमीटरवर ९०. त्याचाही दाब दहानेच उतरला, तर आकडा थेट ८४-८५ वर येतो. घसरण तेवढीच, परिणाम कितीतरी मोठा.

असं रोज रात्री होत राहिलं की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागते. कमी ऑक्सिजनची भरपाई म्हणून शरीर जास्त लाल पेशी बनवतं आणि रक्त दाट होतं.

घसा मिटतो तेव्हा

काहींना याच्या जोडीला आणखी एक आजार असतो: स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट मिटते, घोरणं अचानक थांबतं, काही सेकंद श्वासच नसतो आणि मग मोठ्या धसक्याने तो पुन्हा सुरू होतो. सीओपीडी आणि स्लीप ॲप्निया एकाच माणसात असतील, तर त्या जोडीला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात. एडिनबराचे छातीविकारतज्ज्ञ डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये हे नाव दिलं. दोन श्वास अडकण्यांच्या मधल्या वेळात निरोगी फुप्फुसं ऑक्सिजन भरून काढतात. इथे तीच कमजोर, म्हणून घसरण जास्त खोल जाते.

रात्रीचा आलेख

हे पकडायची सोपी पहिली पायरी म्हणजे रात्रभराची ऑक्सिमेट्री. बोटाला सेन्सर लावून झोपायचं. यंत्र दर काही सेकंदांनी आकडा नोंदवतं. सकाळी कागदावर जी रेघ येते ती बोलकी असते. नुसत्या सीओपीडीत रेघ बराच वेळ सपाट चालते, मग वीस-तीस मिनिटांची एक रुंद खोलगट दरी येते. ती रेम झोप. अशा तीन-चार दऱ्या दिसतात आणि बहुधा सर्वांत रुंद दरी पहाटेची असते. स्लीप ॲप्नियात दर मिनिट-दोन मिनिटांनी खाली-वर होणारी बारीक दातेरी रेघ उमटते. दोन्ही आजार असतील, तर दातेही दिसतात आणि ते वर येऊनही पुरते वर येत नाहीत. शंका उरली, तर स्लीप स्टडी करतात.

पण ऑक्सिमीटर अर्धीच गोष्ट सांगतो. उथळ श्वासामुळे रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. त्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासावं लागतं. सकाळचं डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, हात थरथरणं ही तो साठत असल्याची लक्षणं असू शकतात.

कशावर कोणता उपाय

कोविडनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घराघरांत पोचले. आकडा कमी दिसला की नळी लावायची आणि काचेच्या नळीतली छोटी गोळी वर चढवायची, इतकं ते सोपं वाटतं. इथेच जपायला हवं. ज्यांचा ऑक्सिजन दिवसाही, जागेपणीही फार कमी असतो (दाब ५५ किंवा त्याखाली), त्यांचं आयुष्य ऑक्सिजनने वाढतं. १९८० मध्ये अमेरिकेत आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी ते दाखवलं. दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घ्यायचा हा नियम तिथूनच आला. फक्त रात्रीच आकडा उतरणाऱ्यांना मात्र रात्रीच्या ऑक्सिजनचा स्पष्ट फायदा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. अर्थात ती चाचणी ठरल्याइतके रुग्ण मिळण्याआधीच थांबली होती.

शिवाय काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असलेल्यांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात. आकडा ९९ करायचा नसतो. गोळी किती लिटरवर ठेवायची हे डॉक्टर ठरवतील तेच. नळी चालू असताना त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काही नको. ऑक्सिजनमध्ये आग भडकते.

घसा मिटत असेल, तर नुसता ऑक्सिजन देऊन वाट उघडत नाही. तिथे सीपॅप लागतो: मास्कमधून एका स्थिर दाबाची हवा येते आणि घसा मिटू देत नाही. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. कार्बन डायऑक्साइड साठत असेल, तर बायपॅप: श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. थकलेल्या श्वासपटलाचं काम रात्रभर यंत्र वाटून घेतं. सीओपीडी बळावून रुग्णालयात गेलेल्या आणि नंतरही कार्बन डायऑक्साइड चढाच राहिलेल्या रुग्णांना ब्रिटनमधल्या एका चाचणीत घरी ऑक्सिजनच्या जोडीला असं यंत्र दिलं. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले: पुन्हा रुग्णालयात भरती किंवा मृत्यू यांपैकी काहीही घडेपर्यंतचा मध्यक काळ नुसत्या ऑक्सिजनवर १.४ महिने होता, यंत्रासह ४.३ महिने.

सुरुवातीच्या रात्री मास्क नकोसा होतो, हे खरं. बहुतेकदा दोष मास्कच्या मापाचा असतो. नाकाच्या दांड्यापाशी हवा निसटून डोळ्यांत जाते, गालावर वळ उठतात. माप बदलून घ्यावं, दिवसा टीव्ही पाहताना तासभर लावून सवय करावी. यंत्र कपाटात जाण्याआधी डॉक्टरांना एक फोन जरूर करावा.

घरी काय करायचं

झोपेची गोळी मनाने घेऊ नये. मेंदूचा श्वासाचा हुकूम ती आणखी मंद करू शकते. दारूही तेच करते, शिवाय घसा सैल करते. निजण्यापूर्वी कफ काढून टाकावा, डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, कुशीवर झोपावं. स्टेरॉइड किंवा थिओफिलिनच्या गोळ्यांमुळे झोप उडत असेल, तर त्यांची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. कोणी उठवूनही नीट जागं होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, ओठ निळे पडले असतील, तर ऑक्सिजन वाढवत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं.

आणि पुढच्या तपासणीला जो शेजारी झोपतो त्याने बरोबर जावं. घोरणं थांबतं का, रात्री किती वेळा उठावं लागतं, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, पाय सुजतात का, या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्यावीत. डॉक्टरांनी रात्रीबद्दल विचारलं नाही, तर आपण सांगावं आणि ‘रात्रीची ऑक्सिमेट्री करून घ्यायला हवी का?’ हे स्पष्ट विचारावं. कोणतंही यंत्र विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे.