मुलगा की मुलगी, त्याआधीचा प्रश्न

घरात पाळणा हलणार हे कळताच आपल्याकडे पहिली पृच्छा होते ती ‘मुलगाच होईल ना?’ अशी. गर्भलिंग तपासून सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, व ती योग्यच आहे. आमच्या बालाघाटच्या बाजूस मात्र त्याहून निकडीचा प्रश्न आहे तो रक्ताचा.

मध्य भारतात, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास ती स्वतः बहुधा धडधाकट दिसतात. तथापि प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. मुलगा असो वा मुलगी, हा हिशेब बदलत नाही. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोकाही टळत नाही.

म्हणून गर्भवतीने पहिल्या तपासणीतच ही चाचणी करून घ्यावी, आणि तिच्या रक्तात दोष आढळल्यास पतीनेही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेले राष्ट्रीय अभियान याच तपासणीसाठी आहे. दोघेही वाहक निघाल्यास बाळाचे रक्त जन्मताच तपासावे. पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत, म्हणून थांबू नये. वेळीच निदान झाल्यास लसी व औषधे यांनी पुष्कळ यातना टळतात.

आणि बाळ रुग्ण निघालेच, तर एकट्या सुनेस बोल लावू नये. हा वारसा दोघांकडून आलेला असतो; जबाबदारीही दोघांचीच.