तंबू कुजवणारी बुरशी जीन्सच्या कारखान्यात

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि गणवेश बघता बघता कुजायला लागले. कापड सुती, हवा उष्ण आणि दमट. बुरशीचं आयतंच फावलं. तिथून मिळालेल्या एका बुरशीला पुढे सैन्याच्या प्रयोगशाळेतले संशोधक एल्विन रीस यांच्यावरून 'ट्रायकोडर्मा रीसाय' असं नाव मिळालं.

कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजेच ग्लुकोजच्या हजारो रेणूंची लांब साखळी. ही बुरशी सेल्युलेज गटातली विकरं बाहेर सोडते. एक विकर साखळी मध्येच तोडतं, दुसरं टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडवत जातं, तिसरं त्या जोड्या फोडतं. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे.

सैन्याला जे थांबवायचं होतं, तेच आज कापडउद्योग मुद्दाम घडवून आणतो!

जीन्स फिकी करायला पूर्वी ती प्युमिस दगडांसोबत घुसळत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सेल्युलेज आलं. डेनिमच्या धाग्यात निळा रंग वरवरच बसलेला असतो. पृष्ठभाग जरासा कुरतडला की तो सुटतो आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. पाणी साधारण ५० अंश सेल्सिअस, बहुधा किंचित आम्लधर्मी. खरं कसब थांबण्यात आहे. वेळ लांबला तर कापडच कमजोर होतं, म्हणून शेवटी पाणी कडकडीत तापवून विकर निकामी करतात.

सुती टी-शर्टवरची लव आणि बारीक गोळे काढायलाही हेच विकर वापरतात. काही डिटर्जंटमध्येही ते असतं. पाकिटामागची घटकांची यादी जरूर वाचा.