रायफल, हरणाच्या शिकारीची

रायफल, हरणाच्या शिकारीची : हरणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरावयाच्या रायफलीची निवड मुख्यतः तिच्या नळीव्यासावरून करतात. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यांमुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळून तिचा मार्ग स्थिर राहतो. नळीच्या आतील व्यासास नळीव्यास म्हणतात. तो इंचाच्या दशांशांत किंवा मिलिमीटरांत देतात. हे माप बहुधा नाममात्र असते, उदा., ०·३१५ इंची काडतुसातील गोळीचा व्यास प्रत्यक्षात सु. ०·३२३ इंच असतो. म्हणून केवळ व्यास पाहून काडतूस निवडणे धोक्याचे ठरते. रायफलीवर कोरलेले काडतुसाचे पूर्ण नावच प्रमाण मानावे लागते.

निवडीचे तत्त्व : गोळी हृदय व फुप्फुसे यांपर्यंत पोहोचून जनावर तत्काळ मरावे, हा निवडीचा मुख्य निकष होय. गोळी दुबळी असल्यास जखमी जनावर झाडीत निघून जाते व यातना भोगून मरते. उलट, रायफल गरजेपेक्षा जबर असल्यास मांसाची नासाडी होते, आणि तिच्या धक्क्याच्या धास्तीने शिकाऱ्याचा नेम चुकतो. त्यामुळे जनावराचे वजन प्रथम विचारात घेतात. भेकर सु. २० ते २५ किग्रॅ., चितळाचा नर ७० ते ८५ किग्रॅ., तर सांबराचा नर २२५ ते ३२० किग्रॅ. भरतो. गोळीची रचनाही तितकीच महत्त्वाची असते. मऊ टोकाची गोळी शरीरात पसरून रुंद जखम करते. पूर्ण आवरण असलेली लष्करी गोळी पुष्कळदा आरपार निघून जाते.

प्रमुख नळीव्यास : ०·२२ इंची साधे काडतूस सशासारख्या लहान प्राण्यांपुरतेच होय, हरणावर ते वापरणे क्रूरपणाचे समजतात. ०·२७५ इंची (७ × ५७ मिमी.) रायफल धक्क्याला सौम्य व चितळास पुरेशी असते, जिम कॉर्बेट यांच्यामुळे ती भारतात प्रसिद्धीस आली. ०·३०–०६ हे १९०६ चे अमेरिकी काडतूस ११·७ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ८२० मी. वेगाने फेकते, ते सांबरासही चालते. १९१२ मध्ये आलेले ०·३७५ इंची मॅग्नम काडतूस गव्यासारख्या जड जनावरांसाठी असून हरणास ते अनावश्यक होय. बारा बोअरची बंदूक ही रायफल नव्हे. तिचे छर्रे अंतराबरोबर विखुरतात व दूरचे जनावर केवळ जखमी होते.

भारतात निवडीवर कायद्याचाही प्रभाव पडला. लष्कराची काडतुसे खाजगी हाती जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश राजवटीत ०·३०३ इंची रायफल नागरिकांना निषिद्ध झाली. तिची जागा ०·३१५ इंची रायफलीने घेतली. इशापूर येथील कारखान्यात ती रायफल तयार होऊ लागली. या काडतुसाची गोळी जड (सु. १५·८ ग्रॅ.) व तुलनेने मंद असल्याने ती जवळच्या पल्ल्यास उपयुक्त, पण लांबवर लवकर खाली झुकते.

इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिण अधिनियमाने किमान ०·२४० इंच नळीव्यास व १,७०० फूट-पाउंड (सु. २,३०५ जूल) ऊर्जा ठरवून दिली. लहान जातींपुरती ही अट २००७ मध्ये शिथिल झाली.

सद्यःस्थिती : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवान्याने शिकार करण्याची जी तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. त्यामुळे महाराष्ट्रात हरणाची हौशी शिकार गुन्हा ठरते. मुंबई उपनगरांतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ, सांबर व भेकर आढळतात. त्यांना तर राष्ट्रीय उद्यानाचेही संरक्षण आहे. शेतीची नासधूस करणाऱ्या नीलगायीसारख्या प्राण्यांना मारण्याची परवानगी मात्र अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी मिळू शकते. नीलगाय नावाने गाय असली, तरी ती कुरंगवर्गीय असून पूर्ण वाढलेला नर २०० किग्रॅ.हून जड असू शकतो. म्हणून तिच्याबाबत सांबराचाच निकष लावणे योग्य होय. रायफलीची चुकलेली गोळी तीन किमी.हूनही दूर जाऊ शकते. दाट वस्तीच्या प्रदेशात सावजामागे मातीचा चढ असल्याशिवाय बार न काढणे, ही नळीव्यासाच्या निवडीइतकीच आवश्यक दक्षता होय.