उरलेलं मातीचं

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनात तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशन मास्तरला गाठायचं तर गुजरातेत जायचं. फलाटावर एक बाक आहे, त्याचा निम्मा भाग इकडचा, निम्मा तिकडचा. लोक त्यावर बसून हौसेनं फोटो काढतात. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली बरीच गावं गुजरातेत गेली. त्याच कायद्यानं ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातलीही गावं तिकडे गेली.

त्यातलंच एक देहरी. अरबी समुद्राकाठचं, आज वलसाड जिल्ह्यात मोडणारं. नवापूरहून तापीच्या खोऱ्यातली गाडी धरून उधन्याला उतरायचं आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीनं उंबरगाव रोड गाठायचं. तिथून देहरी जवळच. या गावात चौदा एकरांची एक वाडी आहे. नाव ‘कल्पवृक्ष’. शेतीतज्ज्ञांपासून शहरातल्या नोकरीला कंटाळलेल्या तरुणांपर्यंत हजारो लोक ती बघून गेले आहेत. बघायला काय आहे? नारळ आहेत, चिकू आहेत, थोडं भात आहे. तसं म्हटलं तर शेजारच्या बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्यांची काय कमी! घोलवडच्या चिकूला तर भौगोलिक मानांकनही आहे. ‘कल्पवृक्षा’त लोक येतात ते तिथे काय करत नाहीत, हे बघायला.

ही वाडी भास्कर सावे यांनी उभी केली. जन्म २७ जानेवारी १९२२, देहरीचाच. घर वाडवळांचं. पालघर-डहाणूच्या किनारपट्टीवर ‘सावे’ हे आडनाव नवं नाही, आणि वाडवळ म्हणजे वाड्या करणारी माणसं. घरची शेती पिढ्यान् पिढ्यांची: भात, कडधान्यं, थोडा भाजीपाला. भास्करभाई गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, शिक्षकी पेशाचं प्रशिक्षण घेतलं आणि दहा वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. १९५१ साली मालतीबेनशी लग्न झालं. मास्तरकी करता करता शेती चालूच होती.

पुढची गोष्ट या लेखाच्या मुळाशी आहे. आज ज्यांना ‘नैसर्गिक शेतीचे गांधी’ म्हणतात, ते भास्करभाई १९५० च्या दशकात रासायनिक खतांचे विक्रेते होते. त्यांच्याकडे खताची एजन्सी होती. आपल्या शेतात भरघोस पीक काढून दाखवायचं आणि ते बघून चार शेतकऱ्यांनी खताची पोती न्यायची, असा व्यवहार. त्या काळच्या भाषेत ते ‘आदर्श शेतकरी’ होते. पैसा हाती येत होता. मग हळूहळू ध्यानात आलं की तेवढंच पीक काढायला दर साली जास्त खत लागतंय. खत वाढलं की पाणी वाढतं, पाणी वाढलं की तण आणि कीड वाढते, आणि त्या दोन्हींचा खर्च वाढतो. शेतातून आलेला पैसा ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं परत जातो. शाळामास्तरानं हिशेब मांडला. बाकी शून्याकडे सरकत होती.

गांधी आणि विनोबा त्यांनी वाचले होते. विनोबा तेव्हा ‘ऋषिखेती’चे प्रयोग करत होते, म्हणजे बैलाचीही मदत न घेता माणसानं हातानं केलेली शेती. भास्करभाई इतक्या टोकाला गेले नाहीत. त्यांनी आधी एका तुकड्यावर रसायनं बंद करून पाहिली. पहिल्या हंगामात भात उतरलं, पण खर्च त्याहून जास्त उतरला. त्यानंतर १९६० च्या आगेमागे त्यांनी रसायनांशी कायमची फारकत घेतली. राज्याची सरहद्द बदलली ती याच सुमारास. गाव जागचं हललं नव्हतं, पण सावे घराण्याची शेती हलली.

पाच कामं

शेतकरी वर्षभर नेमकं काय करतो? भास्करभाईंच्या मते पाच कामं: मशागत, खत, निंदणी, पाणी आणि पिकाचं संरक्षण. या प्रत्येक कामासमोर उभं राहून ते एकच प्रश्न विचारत: हे मी का करतो, आणि केलं नाही तर कोण करेल? माती भुसभुशीत करायला गांडुळं आणि मुंग्या आहेत, फक्त त्यांच्या डोक्यावर सावली आणि पालापाचोळ्याचं पांघरूण हवं. तण उगवतं ते उघड्या जमिनीवर. ते मुळासकट उपटलं तर जमीन पुन्हा उघडी पडते आणि पुन्हा तण येतं. म्हणून कापायचं आणि तिथंच पसरायचं. झाडांच्या सावल्या एकमेकींना भिडल्या की तण आपोआप मागे हटतं. किडीला खाणारे किडे, पक्षी, कोळी वाडीत नांदत असतील तर फवाऱ्याचं काम उरत नाही.

खताचा हिशेब पुढे येईल. राहिलं पाणी, आणि ‘कल्पवृक्षा’तली खरी करामत तिथंच आहे. नारळाला आपण बुंध्याभोवती आळं करून पाणी देतो. भास्करभाई म्हणत, झाडाची पाणी पिणारी कोवळी मुळं बुंध्याशी नसतात, ती पसाऱ्याच्या कडेला असतात. म्हणून त्यांनी झाडांच्या दोन ओळींमध्ये चर खणले आणि पाणी त्या चरात सोडलं. झाड उभं असतं ते चराच्या बाजूच्या उंचवट्यावर. उंचवटा कोरडा, पण पालापाचोळ्यानं झाकलेला. मुळं ओलाव्याच्या वासानं चराकडे सरकतात आणि जाताना अख्ख्या उंचवट्याची माती धरून ठेवतात. मराठी शेतकऱ्याला यामागचं तत्त्व समजावून सांगायला नको, त्याच्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मुळाला ओल हवी तशी हवाही हवी. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्यानं तुडुंब भरल्या की मुळं गुदमरतात. पाणी द्यायचं ते वाफसा टिकवण्यापुरतं.

ते कधी द्यायचं, हे सांगायलाही वाडीत एक मुकादम ठेवलेला आहे. क्रोटन. बंगल्याच्या कुंपणाला शोभेसाठी लावतात तेच रंगीबेरंगी पानांचं झुडूप. त्याची मुळं उथळ असतात, म्हणून वरच्या थरातली ओल कमी झाल्याचं त्याला सगळ्यात आधी कळतं आणि पानं मान टाकतात. क्रोटन ताठ आहे तोवर मोटार चालू करायची नाही. सेन्सर लावून पाणी मोजण्याचं तंत्र आज विकत मिळतं. सावे घराण्याचा सेन्सर रोपवाटिकेत फांदी खोचून तयार होतो.

पोट भरेपर्यंत काय?

झाडांची शेती म्हटली की कोणताही शेतकरी पहिला प्रश्न विचारतो: चिकू लागेपर्यंत खायचं काय? प्रश्न रास्त आहे. भास्करभाईंनी त्याचं उत्तर आयुर्मानाच्या तीन पायऱ्यांत दिलं: अल्पजीवी, मध्यमजीवी, दीर्घजीवी. नारळ आणि चिकू लावतानाच त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत भाजीपाला आणि कडधान्यं घ्यायची. ती काही महिन्यांत हातात येतात, जमीन झाकतात, आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी मातीत नत्र धरतात. त्यांच्या जोडीला केळी, पपई, सीताफळ. ती पुढच्या काही वर्षांत उत्पन्न देऊ लागतात आणि कोवळ्या कलमांवर सावली धरतात. मोठी झाडं डोक्यावरून गेली की लहानांनी आपलं काम संपवून मातीत मिसळायचं. कुणालाही हाकलावं लागत नाही.

वाडीची आजची मांडणी ही अशी: दहाएक एकरांत मुख्यतः नारळ आणि चिकू, त्यांच्या सावलीत सुपारी, हळद, आलं, मिरी आणि इतर बरंच काही. दोन एकरांत रोपवाटिका. उरलेल्या दोन एकरांत घरापुरतं धान्य. त्यात उंच वाढणारं, सुवासिक, जुनं देशी भात ‘नवाबी कोलम’. चांगल्या नारळाला वर्षाकाठी चारशेच्या आसपास फळं लागतात आणि चिकूच्या एका झाडाला तीनेकशे किलो, असे आकडे ही वाडी बघून लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहेत. ‘एका काडातून क्रांती’ या पुस्तकाचे जपानी लेखक मासानोबू फुकुओका इथे येऊन गेले. ही वाडी जगात सर्वोत्तम, माझ्या शेतापेक्षाही सरस, असा अभिप्राय त्यांनी दिला.

या सगळ्यामागचा हिशेब मात्र मास्तरांच्या वहीतला आहे. झाड जेवढं काही निर्माण करतं, त्यातलं फळ आणि बी मिळून पंधरा टक्क्यांच्या आतच भरतं. माणसाचा हक्क तेवढ्यावर. पानं, फांद्या, काड, साली हे बाकीचं सगळं मातीचं देणं. ते उचलून जाळलं किंवा विकलं की पुढच्या वर्षी तेवढ्याच किमतीचं खत बाजारातून आणावं लागतं. ‘रीजनरेटिव्ह’ हा शब्द अमेरिकेतल्या रोडेल संस्थेनं १९८० च्या दशकात रूढ केला, आणि आज मोठमोठ्या कंपन्यांच्या अहवालांत तो झळकतो. देहरीच्या वहीत तो हिशेब त्याच्या वीस वर्षं आधी मांडून झाला होता.

म्हाताऱ्याचं पत्र

जुलै २००६ मध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या भास्करभाईंनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष एम. एस. स्वामिनाथन यांना एक अनावृत पत्र लिहिलं. सूर आदराचा, पण आरोप थेट होता: मातीचा ऱ्हास, कर्जात बुडालेला शेतकरी आणि आटलेल्या विहिरी यांचं मूळ तुम्ही आणलेल्या हरितक्रांतीत आहे. त्या पत्रातला उसाचा दाखला महाराष्ट्राला झोंबणारा आहे. एक एकर उसाला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात पंचवीस एकर ज्वारी, बाजरी किंवा मका निघेल, असं त्यांनी मांडलं. चार वर्षांनी, २०१० साली, सेंद्रिय शेतीच्या ‘आयफोम’ या जागतिक संघटनेनं त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. वाडी थांबली नाही. मुलांनी ती सांभाळली आणि आता नातू अभिजय सावे येणाऱ्याजाणाऱ्यांना चरांमधून फिरवत त्या पाच कामांपुढे तोच प्रश्न विचारतो.

इथं नंदुरबारकडे परत वळायला हवं. देहरीला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर त्याच्या निम्माही नाही. देहरीची नारळ-चिकूची वाडी उचलून तापीकाठच्या काळ्या जमिनीत ठेवता येणार नाही. शिवाय सपाटीवरचा शेतकरी ऊस, केळी, पपई, कापूस आणि मिरचीच्या चक्रात आहे. कारखान्याची तोड, व्यापाऱ्याची उचल आणि सोसायटीचं कर्ज यांना वाफसा थोडाच कळतो! आधी एका तुकड्यावर करून बघायचा भास्करभाईंचा मार्ग त्याला परवडेल. अख्खं शेत एका हंगामात फिरवायला तेही गेले नव्हते.

सातपुड्यात चढलं की चित्र वेगळं. अक्राणी-धडगावच्या उतारावर पावरा आणि भिल्ल कुटुंबं आजही ज्वारी-मक्याच्या ओळींत तूर, उडीद, चवळी घेतात. एक पीक पावसानं नेलं तर दुसरं हाती लागतं. बियाण्याची मक्याची कणसं आढ्याला टांगलेली असतात. खाली चूल पेटते आणि धुरानं त्यांना कीड लागत नाही. हे वाण नव्या बियाण्यांच्या रेट्यात जाऊ नयेत म्हणून ‘बायफ’ या संस्थेच्या साथीनं तिथे याहामोगी मातेच्या नावानं बियाणे संवर्धन समिती उभी राहिली आणि गावच्या बीज बँकेत मका-ज्वारीचे देशी वाण जपले जाऊ लागले. ‘बायफ’ स्थापन करणारे मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातून गांधीजींच्या मागे उरुळी कांचनला आलेले. सरहद्द ओलांडून माणसं आणि विचार पूर्वीपासून येतजात आहेत.

देहरी आणि धडगाव यांच्यात एक मोठा फरक आहे. भास्करभाई खताची पोती विकून, हिशेब करून, मागे वळले. डोंगरातल्या पावरा आजीला मागे वळावं लागलं नाही, कारण ती पुढे गेलीच नव्हती. पहिल्याला पुरस्कार मिळतो, त्याचं पत्र छापून येतं, दुसरीला बरीच वर्षं ‘मागासलेली शेती’ म्हणून हिणवलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २,४८१ कोटी रुपयांचं नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. या अभियानाच्या शिवारफेरीत कोणी कोणाला शिकवायचं, हे ठरवताना आढ्याला टांगलेली ती कणसं कुणाच्या नजरेला पडली तर बरं.

सातबाराचा उतारा देहरीतही निघतो आणि धडगावातही. त्यावर नाव असतं, क्षेत्र असतं, पीक असतं, बँकेचा बोजा असतो. माती किती भुसभुशीत आहे, मूठभर उचलली तर तिच्यात किती गांडुळं वळवळतात, याचा रकाना दोन्ही राज्यांच्या उताऱ्यावर नाही. सावे घराण्यात आजोबांकडून नातवाकडे आलं ते नेमकं त्या नसलेल्या रकान्यातलं.