डोंबिवलीची मोटार प्रदर्शनात कधी?

मोटारींचे प्रदर्शन पाहायचे तर डोंबिवलीकराला आधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे लागते. मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या फेऱ्या बहुधा रविवारी निघतात आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारचाच. फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी गाड्या रांगेने लागतात. झेंडा दाखवून त्या सुटण्याआधी जवळून पाहायच्या, तर कल्याण-डोंबिवलीच्या माणसाने सकाळी लवकरची गाडी पकडलेली बरी. ठाण्याच्या माणसाला थोडे उशिरा उठायची चैन असते, एवढाच काय तो फरक.

तिथे पोचल्यावर मात्र तक्रारीला जागा राहत नाही. संस्थानिकांच्या दारी वाढलेल्या रोल्स-रॉइस, लांबलचक ब्युइक, पंखवाल्या शेवरोले, घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या मर्सिडीज. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही दोन नावे मुंबईच्या या मोटारविश्वात पुन्हा पुन्हा कानावर येतात. मालक मंडळी हॅट आणि ब्लेझर घालून गाडीशेजारी उभी असतात. पाहणारा माणूस पाठीला सॅक, हातात मोबाइल आणि तोंडी एकच प्रश्न घेऊन आलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ सहा-आठ सिलिंडरच्या, शंभरीकडे झुकलेल्या गाडीच्या मालकाला हा प्रश्न विचारावा की नाही, याचा विधिनिषेध आपल्याकडे कोणी बाळगत नाही. आणि बाळगू नये. गाडी घेऊ न शकणाऱ्या माणसाचा गाडीशी संवाद तिथूनच सुरू होतो.

अशा प्रदर्शनात थोडा वेळ एका जागी उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. रोल्स-रॉइसपाशी लोक फोटो काढून पुढे सरकतात. फियाटपाशी येऊन थांबतात आणि बोलू लागतात.

फियाटही एक नसते. सगळ्यांत आधी ओळखली जाते ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’. पन्नाशीच्या दशकात आलेली मिलेचेंतो आणि तिच्यामागून आलेल्या एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट या साऱ्यांना मराठी माणसाने सरसकट दिलेले हे नाव. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागे आणि कडी पुढे. नऊवारी नेसलेल्या बाईला त्यात चढणे-उतरणे सोपे जाई, असे सांगणारे एखादे आजोबा गर्दीत हमखास निघतात. चालत्या गाडीत तो दरवाजा चुकून उघडला तर वारा तो आणखीच फाकवतो, हे मात्र ते सांगत नाहीत. मोटार उद्योगाने असे दरवाजे सोडून दिले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

१९६४ साली आली ११०० डिलाइट. इटलीत फियाट ११००डी म्हणून निघालेल्या या चौकोनी गाडीचे दरवाजे सरळ उघडत. फियाटबरोबरचा परवान्याचा करार सरल्यावर हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट बाकासारखी सलग. त्या बाकावर ड्रायव्हरशेजारी दोन माणसे बसत, आणि मधले पोर गिअर बदलताना पाय आवरून घेत असे. प्रदर्शनात पद्मिनीच्या खिडकीत डोकावणाऱ्यांमध्ये हे पोर पन्नाशी-साठीचे होऊन उभे असते.

उन्हाळ्यातला घाट हा या गाडीच्या आठवणींचा दुसरा धागा. कसारा किंवा खंडाळा चढताना इंजिन तापे, पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायचे थांबे. यावरचा उपाय पुस्तकात नव्हता. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, फडके ओले करून इंधनपंपावर पिळून ठेवायचे आणि वाट पाहायची. वाफ निवून पुन्हा द्रव झाली की गाडी सुरू. पेट्रोल खेचणारा तो छोटा पंप इंजिनलाच जोडलेला, म्हणजे नको तिथे, ऐन उष्णतेत बसलेला. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीत बुडवलेला असतो आणि इंधनाला दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे हे दुखणे गेले. प्रदर्शनात पद्मिनीचे बॉनेट उघडे असले की जाणता माणूस सगळ्यांत आधी त्या पंपाकडे बोट दाखवतो.

या गाडीचे मूळ सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या हट्टात आहे. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही या देशात बनले पाहिजे, असे वालचंदांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या क्रायस्लरशी त्यांनी बोलणी केली, मधे महायुद्ध आले, अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. फियाट त्यानंतरची. १९५३ मध्ये वालचंद गेले, त्यामुळे पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

कुर्ला हे मध्य रेल्वेवरचे स्थानक. कारखान्याच्या भोंग्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांची घड्याळे लागत असत. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारीही बनत नव्हत्या आणि गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या हातांनी दरवाजे बसवले, रंग मारला, त्यांच्या दारात ती गाडी क्वचितच उभी राहिली. या माणसांना मोटारींचे प्रदर्शन पाहायला कोणी बोलावले नव्हते; ती रोज पाळीवर जाऊन ते पाहत होती.

मोटारींच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांतले एक पॅरिसचे. १८९८ मध्ये तिथे तुइलेरी बागेत जे प्रदर्शन भरले, त्यात गाडी मांडायची तर एक अट होती: ती आधी पॅरिसहून व्हर्सायला आणि तिथून परत स्वतःच्या बळावर चालवून दाखवायची. ढकलत आणलेल्या गाडीला जागा नाही. ही अट आज कोणी घालत नाही. दिल्लीत १९८६ साली सुरू झालेल्या ऑटो एक्स्पोत तर फिरत्या चौथऱ्यावरच्या काही गाड्यांत इंजिन आहे की नाही, हेही कळत नाही. त्या मानाने जुन्या गाड्यांची फेरी प्रामाणिक म्हणायची. तिथे गाडीला निदान रस्त्यावरून जावे लागते, आणि एखादी सिग्नलला बंद पडली की बघ्यांतलीच चार माणसे धक्का मारायला पुढे होतात.

सुपरकारचे जग वेगळे. रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी २००९ मध्ये सुपर कार क्लब काढला. ज्याच्या लोकरीच्या गिरणीने १९२५ पासून ठाण्याला पोसले, त्याच रेमंडचे नाव फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या मेळाव्यांशी जोडले जावे, याची ठाणेकराला गंमत वाटते. ठाण्यातली मुले अशी गाडी दिसली की दुचाकी वळवून मागे लागतात. त्यांना गाडीचा आवाज रेकॉर्ड करायचा असतो. ॲव्हरेज ती विचारत नाहीत.

आता डोंबिवलीची गोष्ट. कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या वेशीवर, प्रीमियरचा दुसरा मोठा कारखाना होता. कागदोपत्री तो कल्याण प्लांट. उदारीकरणानंतर प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९४ पासून इथे प्यूजो ३०९ बनू लागली. पाच दारांची हॅचबॅक, १.४ लिटर पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल. युरोपात ही गाडी १९८५ साली आली होती. मूळ बेत तिला ‘टॅलबॉट’ या नावाने विकायचा होता, तो आयत्या वेळी बदलला. म्हणजे गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिकडे तिचे दिवस भरलेले होते. तरीही पद्मिनीत वाढलेल्या पिढीला ती खड्ड्यांतून अलगद जाणारी, पोटात पुष्कळ जागा असलेली, फार पुढची गाडी वाटली. ज्यांनी ती चालवली ते तिच्या सस्पेन्शनबद्दल आजही कौतुकाने बोलतात.

टिकली मात्र नाही. कामगारांचा असंतोष, वेळेवर न मिळणाऱ्या गाड्या, कमकुवत विक्रीसेवा, त्यात बाजारात एस्टीम, सिएलो, ॲस्ट्रा उतरलेल्या. १९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतले. त्याच सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट उनोसाठी लाखो लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती, आणि तिथेही कामबंदीने घोळ घातला. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शीळ रस्त्यावरच्या कारखान्याच्या जमिनीवर आता मोठे गृहसंकुल आहे, आणि जवळच्या मोकळ्या जागेला लोक अजून प्रीमियर ग्राउंडच म्हणतात.

पद्मिनीला टॅक्सीने आणखी वीस वर्षे दिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळीपिवळी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवशी तिच्याभोवती डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दिवाळी पहाटेसारखी गर्दी झाली असती, पण गाडी रस्त्यावर यायचीच नव्हती. निदान एक तरी टॅक्सी जतन करा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे आधी केली होती. तिचे काही झाले नाही.

इथे कायद्याची एक गमतीशीर फट आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूप राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढचे नूतनीकरण पाच हजारांत. नव्या नोंदणीच्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. रोज ऑफिसला किंवा भाड्याने नाही.

१९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. म्हणजे प्रदर्शनाचा दरवाजा तिला आत्ता कुठे उघडला. पण मोठा फेरफार नको, ही अट तिला जड जाते. मुंबई-ठाण्याच्या पद्मिन्यांपैकी कितींच्या पोटात दुसरेच डिझेल इंजिन बसले, कितींच्या डिकीत सीएनजीची टाकी आली. धंद्याची गाडी पोट भरण्यासाठी बदलत राहिली, त्याला इलाज नव्हता. जी मूळ रूपात राहिली ती बहुतेक एखाद्या डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली. सुटे भाग शोधायला लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात फिरतात. मूळ हबकॅपसाठी घासाघीस चालते आणि विकणाऱ्याला ग्राहकाची नड पहिल्या वाक्यातच कळते. त्यात भर म्हणून आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. जुन्या कार्बोरेटरचे डायफ्रॅम, रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉल सोसण्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. शहाणा मालक नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या टाकून घेतो आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवत नाही.

आणि प्यूजो ३०९? तिच्या बाजूला पद्मिनीसारखा टॅक्सीचा वारसा नाही, संस्थानिकांचा थाट नाही, सिनेमातली झलकही फारशी नाही. थोड्याच वर्षांत थोड्याच गाड्या बनल्या आणि भागांअभावी भंगारात गेल्या. हॉर्निमन सर्कलच्या रांगेत रोल्स-रॉइस हमखास भेटते, डोंबिवलीत बनलेली गाडी भेटणे अवघड. दुर्मीळपणा हाच निकष लावायचा तर परीक्षकांनी या क्रमाचा एकदा उलटा विचार करायला हरकत नाही. नियमाचे गणित मात्र तिच्या विरुद्ध आहे: १९९४ ची गाडी पन्नास वर्षांची व्हायला २०४४ उजाडेल. तोवर ती फक्त जुनी गाडी. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, वर हरित कर, फिटनेसची रांग आणि भंगार धोरणाची टांगती तलवार. कल्याण आरटीओच्या ‘एमएच ०५’ क्रमांकाची एखादी ३०९ कोणाच्या सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात असेल, तर तिच्या मालकाने सध्या तिचे मूळ इंजिन आणि नोंदणीची कागदपत्रे तेवढी हातची जाऊ देऊ नयेत.