जन्मजात संप्रेरकन्यूनता आणि जननेंद्रियांची वाढ

नांदेड-लातूर परिसरात 'मुलाच्या इंद्रियाची वाढ नाही, एखादे तेल अथवा चूर्ण द्या' अशी पालकांची मागणी आम्हां वैद्यांकडे व औषधी दुकानांत नेहमी येते. पुष्कळदा स्थूल मुलाचे शिश्न जघनभागीच्या मेदात दडलेले असते. ते प्राकृतच होय. मात्र काही बालकांत जन्मजात संप्रेरकन्यूनता असते. ती वेळीच ओळखता यावी, यासाठी हे विवेचन.

बीजभागावयवाच्या दुष्टीने त्या त्या अवयवाची विकृती होते, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. आधुनिक शास्त्र पुरुष-जननेंद्रियांच्या विकृतीचे मूळ मुख्यतः दोन ठिकाणी शोधते : संप्रेरकात, किंवा पेशीतील त्याच्या ग्राहीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये. संप्रेरक ही किल्ली, तर ग्राही हे कुलूप.

गर्भाच्या ८ ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेतील संप्रेरकाच्या प्रेरणेने वृषण टेस्टोस्टेरॉन निर्माण करतात. त्यापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ग्राहीशी संयोग पावून शिश्न व वृषणकोश घडविते. पुढील वाढ गर्भाच्या पोष ग्रंथीवर अवलंबून असते. म्हणून पोष ग्रंथीच्या प्रेरणेचीच न्यूनता असल्यास शिश्नाची घडण योग्य, पण आकार लहान राहतो; वृषण कधी खाली उतरत नाहीत. येथे ग्राही शाबूत असल्याने संप्रेरक मिळताच वाढ होते. याउलट ग्राहीच पूर्णतः निकामी असेल, तर टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही बाह्य रूप स्त्रीचे राहते. अशी मुलगी पुढे रजोदर्शन न झाल्याची तक्रार घेऊन येते.

पूर्ण दिवसांच्या नवजाताचे ताणून मोजलेले शिश्न सुमारे २.५ सेंमीहून कमी असल्यास तपासणी आवश्यक आहे. वयाच्या १ ते ३ महिन्यांत ही संप्रेरके निसर्गतः वाढतात. निदानाची ही संधी दवडल्यास पुढे वयात येईपर्यंत न्यूनता ओळखणे कठीण होते. ६ महिन्यांपर्यंत वृषण न उतरल्यास शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. १४ वर्षांपर्यंत वृषणांची वाढ सुरू न झालेल्या मुलास मोगऱ्याचा, वेलदोड्याचा गंध येतो का, हे अवश्य विचारावे. गंधज्ञानाचा अभाव हे कालमन सिंड्रोमचे लक्षण होय.

दोन प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. लहान शिश्नासह कावीळ लांबली, बाळ मलूल झाले वा झटके आले, तर पोष ग्रंथीच्या व्यापक न्यूनतेमुळे रक्तशर्करा उतरलेली असू शकते. अशा वेळी केवळ काविळीचे औषध देत बसणे घातक ठरते. जननेंद्रिय संदिग्ध, वृषण हाताला न लागणारे आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वांत्या, ही लक्षणे अधिवृक्क ग्रंथीच्या विकारातील लवणक्षयाची, म्हणजे प्राणसंकटाची असू शकतात. त्याच दिवशी नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभाग गाठावा.

कुलवृत्त विचारताना आतेमामे भावंडांच्या विवाहाची नोंद घ्यावी. अधिवृक्काचा हा विकार उभयतांकडून आलेल्या दोषाने होतो. ग्राहीचा दोष बहुधा मातृकुलातून येतो, म्हणून मावशीस पाळी आली होती का, हेही विचारावे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आपले आयुष पदवीधर बालकांची तपासणी करीत आहेत. त्यांची नजर येथे मोलाची आहे. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की बालकासाठी वाजीकरण द्रव्ये वा तेल मागणाऱ्यास रिकाम्या हाती परत पाठवा, पण वैद्याकडे पाठवा. गेलेला काळ कोणतेही रसायन परत आणू शकत नाही.