ट्रान्झिस्टरची रुंदी किती?

गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि टॅगमधली चिप त्या लहरींतूनच आपली वीज उचलते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की हाती येणारी शक्ती चौथा हिस्सा उरते, म्हणून काही मीटरवर सगळा हिशेब मायक्रोवॅटवर येतो. शिवाय ही लहर सतत दिशा बदलत असते आणि चिपला हवा असतो एकाच दिशेचा प्रवाह. हे मधलं काम रेक्टिफायरचं. आत आलेल्या शक्तीतली किती तो पुढे पोचवतो, यावर टॅग किती लांबून वाचता येईल हे बऱ्याच अंशी ठरतं.

अशा कामासाठी मला सगळ्यात आवडणारं सर्किट चार ट्रान्झिस्टरचं आहे, दोन एनमॉस आणि दोन पीमॉस. अँटेनाच्या दोन तारा, आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट समोरच्या तारेला जोडलेलं. एक तार वर गेली की दुसरी खाली जाते. खाली गेलेली तार वरच्या बाजूचा पीमॉस उघडते, वर गेलेली तार खालच्या बाजूचा एनमॉस उघडते, आणि उरलेले दोन घट्ट बंद होतात. साध्या डायोडला प्रत्येक वेळी थ्रेशोल्डचा, म्हणजे उघडण्यासाठी लागणाऱ्या किमान व्होल्टेजचा, कर भरावा लागतो. इथे तो बराच वाचतो. जपानमधल्या कोजी कोतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली १८० नॅनोमीटरच्या सीमॉसमध्ये या रचनेची ६७.५ टक्के कार्यक्षमता दाखवली: ९५३ मेगाहर्ट्झ, उणे १२.५ डीबीएम इनपुट, १० किलोओहम लोड. म्हणजे साधारण ५६ मायक्रोवॅट आत आणि ३८ बाहेर. लोडवर जेमतेम ०.६ व्होल्ट. एवढ्या कमी व्होल्टेजवर इतकं साधणं ही मोठीच कामगिरी आहे.

या चार ट्रान्झिस्टरांची लांबी प्रक्रियेला जमेल तेवढी कमी ठेवतात, त्यात विचार करण्यासारखं फारसं नाही. प्रश्न रुंदीचा. तो कागदावर पुरता सुटत नाही, म्हणून सिम्युलेशनमध्ये रुंदीचा स्वीप लावायचा: काही मायक्रोमीटरपासून सुरुवात करून पायरीपायरीने वाढवत न्यायची, आणि दर पायरीला कार्यक्षमता मोजायची. सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनपेक्षा मंद चालतात, म्हणून पीमॉस सुरुवातीला एनमॉसच्या दुप्पट किंवा तिप्पट रुंद धरतात, आणि नंतर ते गुणोत्तरही स्वतंत्रपणे फिरवतात. एनजीस्पाइस या सिम्युलेटरच्या कंट्रोल विभागात लूप लिहिला की यंत्र रात्रभर एकटं चालतं.

पण लूप लिहिण्याआधी मोजमाप नीट लावावं लागतं, आणि या कामातली खरी शिस्त तिथेच आहे. ८६६ मेगाहर्ट्झला एक आवर्तन १.१५ नॅनोसेकंदाचं. आउटपुटला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा लोड असेल तर एकच कालस्थिरांक १० मायक्रोसेकंदांचा होतो, म्हणजे साडेआठ हजारांहून जास्त आवर्तनं, आणि सर्किट स्थिरावायला असे चार-पाच कालस्थिरांक लागतात. कपॅसिटर १० पिकोफॅरडवर आणला तर तोच एक कालस्थिरांक शंभराच्या आतल्या आवर्तनांत मावतो. घाई म्हणून सुरुवातीलाच आउटपुटला व्होल्टेज देऊन ठेवता येतं, पण ते जास्त दिलं गेलं तर कपॅसिटर स्वतःची साठवण लोडला देत राहतो आणि कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर दिसू शकते. इनपुटची शक्तीसुद्धा दर क्षणाच्या व्होल्टेज आणि प्रवाहाच्या गुणाकाराची सरासरी म्हणूनच घ्यायची, तीही पूर्ण आवर्तनांवर. दोघांचे आरएमएस गुणून चालत नाही, कारण गेटच्या कपॅसिटन्सचा प्रवाह नुसता ये-जा करतो आणि त्या गुणाकारात खर्च म्हणून मोजला जातो.

मग आलेख येतो. अरुंद ट्रान्झिस्टरला कार्यक्षमता कमी, कारण वाट अरुंद आणि रोध जास्त. रुंदी वाढवली की आलेख झपाट्याने चढतो, वर सपाट होतो आणि मग हळूहळू उतरायला लागतो. उतार का, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी मी एकाच आवर्तनात शिरते आणि एका पीमॉसमधून जाणारा प्रवाह मोठा करून पाहते. आधी तारेकडून आउटपुटकडे एक उंच लाट जाते. तारेचं व्होल्टेज शिखरावरून उतरून आउटपुटच्या खाली येतं, पण समोरची तार अजून पुरेशी वर आलेली नसते. गेट खालीच, म्हणजे पीमॉस उघडाच. त्या थोड्याशा अवधीत प्रवाह उलटा फिरतो आणि आउटपुटमधून परत अँटेनाकडे वाहतो. ट्रान्झिस्टर हे दोन्ही बाजूंनी उघडणारं दार आहे. ते रुंद केलं की जाणाऱ्यांची सोय होते तशी परतणाऱ्यांचीही. इनपुट जोरदार झालं की ही उलटी शेपूट आणखी लांबते. म्हणूनच याच सर्किटची कार्यक्षमता इनपुटच्या शक्तीबरोबर एका टप्प्यापर्यंत वाढते आणि मग घसरते. ही शेपूट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रुंदीबद्दल मत बनवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

नवीन मुलं विचारतात, सर्वोत्तम रुंदी किती? मी त्यांना एक प्रयोग करायला सांगते. सगळ्या रुंदी दहाव्या हिश्श्यावर आणा, सगळे कपॅसिटरही दहाव्या हिश्श्यावर, आणि लोडचा रोध दहापट करा. इनपुटचं व्होल्टेज तेच ठेवा. अतिअरुंद ट्रान्झिस्टरचे बारीक परिणाम सोडले तर सगळी व्होल्टेजेस जशीच्या तशी राहतात, सगळे प्रवाह दहावा हिस्सा होतात आणि कार्यक्षमता हलत नाही. मग त्या मायक्रोमीटरच्या आकड्याला एकट्याला काय अर्थ? स्वीपमध्ये खरं तर रुंदी आणि लोड यांचा गुणाकार फिरत असतो. लोड ठरला नसेल तर शिखर कुठे आहे हा प्रश्नच अपुरा. लोड ठरवणार चिपमधलं लॉजिक आणि मेमरी, म्हणून ते काम करणाऱ्यांशी आधी बोलावं लागतं.

सिम्युलेटर एक सवलतही गुपचूप देतो. आदर्श व्होल्टेज स्रोत कितीही कपॅसिटन्स फुकट भरून काढतो. त्यामुळे रुंद ट्रान्झिस्टर आहेत त्यापेक्षा स्वस्त वाटतात. अँटेनाचा रोध आणि मॅचिंगची कॉइल, तिच्या तोट्यासकट, नेटलिस्टमध्ये घातली की हा खर्च समोर येतो: कपॅसिटन्स वाढला की कॉइलमधून फिरणारा प्रवाह वाढतो आणि तिच्या तारेत उष्णता होऊन जातो. तेव्हा शिखर डावीकडे, कमी रुंदीकडे सरकतं. नुसतं आउटपुट व्होल्टेज बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण स्रोत आदर्श असेल तर ते रुंदीबरोबर बराच काळ वाढतच जातं.

नंतर कॉर्नर, म्हणजे चिप बनवतानाच्या फरकांची टोकं: स्लो, फास्ट, आणि त्यांच्या जोडीला तापमान. टॅग उन्हात काचेमागे राहणार असतो, म्हणून २७ अंशांचा एकच रन पुरत नाही. फास्ट आणि गरम असताना थ्रेशोल्ड उतरतो आणि उलटा प्रवाह वाढतो. स्लो आणि थंड असताना थ्रेशोल्ड चढतो आणि कमी इनपुटला ट्रान्झिस्टर नीट उघडतच नाही. हे सगळे आलेख एकावर एक ठेवले की प्रत्येकाचं शिखर वेगळ्या जागी दिसतं, पण वरचे सपाट भाग एका पट्ट्यात एकमेकांवर येतात. मी त्या पट्ट्यातली रुंदी घेते, तीही डाव्या कडेजवळची. लेआउट झाल्यावर धातूच्या तारांचा कपॅसिटन्स त्यात भरीला येतो, तारा रुंदीबरोबर लांबतात, आणि लेआउटमधून काढलेल्या नेटलिस्टवर तोच लूप पुन्हा लावला की शिखर आणखी डावीकडे गेलेलं असतं.